लिंबाच्या वासाचा जिताडा

सोसायटीचा सेक्रेटरी व्हायच्या आधी मी बरा माणूस होतो, असं माझी बायको अजूनही पाहुण्यांना सांगते.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर आम्ही नवी मुंबईत राहायला आलो. डोंगराच्या पायथ्याला नवीकोरी बिल्डिंग, चार मजले, बत्तीस बिऱ्हाडं. गच्चीवरून खाली पाहिलं की एक जुनं गाव दिसायचं आणि गावाच्या कडेला त्यांचं तळं. मी बेलापूरच्या एका सरकारी कार्यालयात कारकून होतो. लोकांचे अर्ज घ्यायचे, शिक्का मारायचा आणि कपाटात ठेवायचे, हे माझं काम. त्यामुळे अर्जात फार ताकद असते, अशी माझी पक्की श्रद्धा होती. कपाटात गेलेल्या अर्जांचं पुढे काय होतं हे मला चांगलं ठाऊक होतं, तरीही होती.

पहिल्याच सर्वसाधारण सभेत सेक्रेटरी कोण होणार असा प्रश्न आला तेव्हा सगळे एकमेकांकडे बघू लागले. माझ्या खिशाला दोन पेनं होती. झालो सेक्रेटरी. दुसऱ्याच दिवशी मी पहिली नोटीस लावली. 'जिन्यामध्ये मासळीचा वास दरवळत असल्याबाबत तक्रारी प्राप्त झाल्या असून, संबंधितांनी याची गंभीर नोंद घ्यावी.' तक्रारी म्हणजे माझीच एक होती. मी सोलापूरकडचा. लग्नापर्यंत मासा फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिलेला.

संबंधित म्हणजे खालच्या गावातली मावशी. साठीच्या आसपासची, काटक, गुडघ्याच्या वर घट्ट नेसलेलं लुगडं आणि डोक्यावर टोपली. पहाटे खाडीकाठच्या दिवाळे गावच्या बाजारात जाऊन मासळी आणायची आणि आमच्या बिल्डिंगीत मजल्यामजल्यावर विकायची. तिला वाचता येत नव्हतं. तिने मलाच विचारलं, "भाऊ, काय लिवलाय ह्या कागदान?"

आता माझी नोटीस मीच तिला वाचून दाखवली, तीही 'गंभीर' या शब्दावर जोर देऊन.

"माशाला माशाचा वास नाय येवाचा, त कशाचा येवाचा?" ती म्हणाली.

मी नियमावली चाळली, तिच्यात माशाचं कलम नव्हतं. त्या दिवसापासून ती गेटबाहेर बसू लागली आणि आमच्या कोकणी बायकांची रांग जिन्यातून गेटवर गेली. रांगेत पहिली माझी बायको. ती मालवणची. तिच्या माहेरी जावई मासे खात नाही ही गोष्ट अनेक वर्षं पाहुण्यांपासून लपवून ठेवली होती. पुढे मी हळूहळू शिकलो, पण काटे काढायला मला अजून चष्मा लागतो.

आता वॉशिंग मशीन. त्या दोनतीन वर्षांत आमच्या बिल्डिंगीला मशीनची साथच आली होती. आमच्या घरात ती सगळ्यात आधी आली, कारण सेक्रेटरीच्या घरात आधी यायला पाहिजे असं मला वाटलं. दोन टबांची, अर्धी आपोआप आणि अर्धी माझ्या हाताने चालणारी. तिचं माहितीपुस्तक मी दोनदा वाचून काढलं आणि बायकोला सांगितलं की या यंत्राला तू हात लावू नकोस, याला शिस्त लागते. रविवारी सकाळी कपडे धुणं हे माझं खातं झालं. बायकोला तेव्हा एवढा आनंद का झाला, हे मला बरेच दिवस कळलं नाही.

मशीन बाथरूममध्ये मावेना. मग ती बाल्कनीत ठेवली. प्रश्न राहिला मळक्या पाण्याचा. बाल्कनीच्या कोपऱ्यातून गच्चीवरचं पावसाचं पाणी खाली नेणारा जाड पाईप जात होता. प्लंबरने तो टकटक वाजवून पाहिला आणि म्हणाला, "साब, इसमें होल मारके छोड देते. बाहर का बाहर निकल जायेगा."

बाहेरचं बाहेर! मला ती कल्पना इतकी आवडली की मी त्याला चहा पाजला. पाणी पाईपात गेलं की ते आपलं राहत नाही, सरकारचं होतं, अशी माझी समजूत होती, आणि मी तर स्वतः सरकारी नोकर. संडास-बाथरूमचं पाणी वेगळ्या गटारातून जातं आणि पावसाचं वेगळ्या, हे मला माहीत होतं. पावसाचं कुठे जातं हे मात्र मी कधी विचारलं नव्हतं. माझं भोक पाहून शेजाऱ्यांनी भोक पाडलं, त्यांचं पाहून वरच्यांनी. वर्षा-दीड वर्षात बिल्डिंगीच्या पाईपांना बासरीसारखी भोकं पडली. सगळे एकच पावडर वापरायचे, लिंबाच्या वासाची. रविवारी सकाळी जिन्यात पाऊल टाकलं की लिंबूच लिंबू. मासळीचा वास घालवून लिंबाचा आणला, हे माझ्या कारकिर्दीतलं मोठं काम आहे असं मी चेअरमनना बोलूनही दाखवलं होतं.

त्या वर्षी दिवाळी उलटून गेल्यावर एका रविवारी बायको गेटवरून परत आली ती तोंड पाडून.

"अहो, मावशीच्या तळ्यात फेस येतोय," ती म्हणाली. "तिच्या जिताड्यांचं काही खरं नाही. रडत होती बिचारी. तुम्ही सेक्रेटरी आहात ना, काहीतरी करा."

जिताडा म्हणजे काय हे मला तिनेच समजावलं. मोठा, चंदेरी, चवीला असा की नाव काढलं तरी मालवणची माणसंसुद्धा गप्प बसतात. पावसाळ्यात खाडीत त्याची बोटभर पिल्लं मिळतात. गावातले लोक ती आणून गोड्या पाण्याच्या तळ्यात सोडतात आणि दोन-तीन वर्षं वाट बघतात. तो तळ्यातली कोळंबी आणि बारके मासे खाऊन वाढतो. आणि तो विकायचा नसतो. घरात काही मोठं असलं, की काढायचा.

मावशीकडे मोठं होतं. माघात नातीचा साखरपुडा होता. आई नसलेली नात, मावशीनेच वाढवलेली. त्या घराची रीत अशी की मुलाकडची माणसं पहिल्यांदा जेवायला येतात त्या दिवशी त्यांच्या पानात आपल्याच तळ्यातला जिताडा पडला पाहिजे. बाजारातला आणला तर मग आपल्या घरात काही उरलंच नाही, असा त्याचा अर्थ. शेतं तर आधीच गेली होती. जिथे आमची बिल्डिंग होती तिथेच कुठेतरी तिच्या सासऱ्याचं भाताचं शेत होतं, हे तिने एकदा बोलता बोलता सांगितलं होतं, तक्रार म्हणून नव्हे, पत्ता सांगावा तसं. राहिलं होतं ते तळं, आणि तळ्यात तीन जिताडे.

मी पाहणीला गेलो. तळ्याच्या ज्या टोकाला नाला येऊन मिळतो तिथे खरोखरच पांढरा फेस साचला होता, हातभर उंच. मावशी काठावर उकिडवी बसली होती.

"आधी कोलबी गेली," ती म्हणाली. "मंग चिवनी मासली गेली. मंग बगले पन येवाचे बंद झाले. बगल्याला काय आमंत्रन देवाला लागतं? खावाला हाय त येतो. आता माझे जिताडे खातीन काय? सकालचे वर येतान न् तोंड उघडून बसतान."

मी गंभीर चेहऱ्याने मान हलवली.

"आनि भाऊ, आमचे वेलंला डोंगरावरना ओहोल यायचा. दिवालीनंतर त्यान नुसते दगड. आता बगा, बारा महिने वाहतोय. पाऊस नाय, काय नाय, पानी येतं कुठशी?"

"विकास आहे, मावशी," मी म्हणालो. हे वाक्य मला पुढे फार दिवस आठवत राहिलं.

घरी येऊन मी अर्ज लिहायला घेतला. तीन पानी झाला. गुन्हेगार कोण याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. आमच्यापासून काही अंतरावर कारखान्यांचा पट्टा होता, त्यांच्या चिमण्या दिसायच्या, आणि फेस म्हणजे केमिकल. 'सदर कारखाने रात्रंदिवस विषारी द्रव सोडून जलचरांचा बळी घेत आहेत,' असं लिहून मी खाली तांबड्या शाईने रेघ मारली. मावशीने एक माहिती दिली होती, की सगळ्यात जास्त फेस रविवारी दुपारच्या आधी येतो. तीही मी लिहिली.

बायकोने अर्ज वाचला. "रविवारी कारखाने बंद असतात ना?"

"तीच तर चलाखी! कोणी बघायला नसतं म्हणून रविवारी सोडतात."

"बंद कारखाना कसा सोडेल?"

"अगं, तू त्यात पडू नकोस," मी म्हणालो, आणि मशीन सुरू करायला गेलो. रविवारच होता.

अर्ज कपाटात जाऊ नये म्हणून मी यावेळी स्वतः प्रदूषणाच्या तक्रारी बघणाऱ्या कार्यालयातल्या साहेबांना भेटलो. साहेब ऐरोलीला राहायचे. तब्येतीने किरकोळ, कमी बोलणारे. रविवारी येऊन प्रत्यक्ष फेस पाहा, अशी मी गळ घातली. सरकारी माणूस रविवारी पाहणीला येणं म्हणजे उंबराला फूल, पण ते हो म्हणाले. मी कमिटीला कळवलं, गावात निरोप पाठवला. मावशीने माझ्या पाठीवरून हात फिरवला. "भाऊ, तुमीच काय ते," ती म्हणाली. मला एवढा मान आयुष्यात कुणी दिला नव्हता.

तो रविवार उजाडला. साहेब दहाला येणार होते. मी पहाटेच उठलो, कारण पाहणीला पांढरा शर्ट पाहिजे आणि पांढरे शर्ट सगळे मळलेले. शर्ट टबात टाकले. जागा उरली म्हणून वर एक नवी चादरही टाकली. लालभडक. ती मी वाशीला फुटपाथवर घेतली होती. विकणाऱ्याने सोलापूरची आहे असं सांगितलं आणि माझा ऊर भरून आला होता. बायको म्हणाली, "चादर वेगळी भिजवा, रंग जाईल."

"सोलापूरचा रंग आहे. आमचा रंग जात नसतो," मी म्हणालो.

वीस मिनिटांनी झाकण उघडलं तेव्हा माझे पाचही शर्ट गुलाबी झाले होते. फिके नव्हे, चांगले लग्नपत्रिकेसारखे गुलाबी. मी ते पाणी सोडून दिलं, दुप्पट पावडर टाकून पुन्हा धुतले. पुन्हा सोडलं, पुन्हा धुतले. चार वेळा. चादरीतला रंग संपेना आणि शर्टातला निघेना. शेवटी साडेनऊला एक शर्ट इस्त्रीखालीच वाळवून मी अंगात घातला. बायको दारात उभी राहून म्हणाली, "शोभतोय हो. हल्ली फॅशन आहे." तिचे खांदे हलत होते.

तळ्यावर सगळे जमले होते. चेअरमन, कमिटी, गावातली पाचपन्नास माणसं, मावशी, आणि तिच्यामागे लाजत उभी असलेली तिची नात. स्कूटर लावून साहेब आले. आणि त्याच वेळी नाल्याच्या तोंडातून फेसाचा एक मोठा गोळा डुलत डुलत बाहेर आला. तो गुलाबी होता.

गर्दीतून 'अबाबा' असा आवाज उठला. मला तर आनंदाने काय करू असं झालं. असा पुरावा! इतक्या वेळेवर! मी दोन पावलं पुढे झालो, हात लांब केला आणि पाठ केलेलं भाषण ठरवलं होतं त्याहून चढ्या आवाजात सुरू केलं.

"साहेब, पाहा! प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहा! आजवर पांढरं केमिकल सोडत होते, आता यांची मजल गुलाबी केमिकलपर्यंत गेली! कोण आहेत हे लोक? यांना माणुसकी आहे का? स्वतःच्या घरात असं पाणी सोडतील का हे?"

टाळ्या पडल्या. साहेबांनी बाटलीत पाणी भरून घेतलं. मावशी मात्र टाळ्या वाजवत नव्हती. ती फेसाकडे बघत होती. मग तिने माझ्याकडे पाहिलं. मग परत फेसाकडे. मग ती चालत माझ्यापर्यंत आली, माझ्या शर्टाची बाही दोन बोटांत धरली आणि ताजा मासा घेताना कल्ला उघडून हुंगावा तशी हुंगली.

"लिंबू," ती म्हणाली.

साहेबांनी बाटली नाकाशी नेली. "लिंबूच," ते म्हणाले.

"योगायोग," मी म्हणालो.

"नाला कुठून येतो ते बघू या," साहेब म्हणाले आणि चालू लागले. त्यांच्यामागे मावशी, मावशीमागे सगळा गाव, आणि सगळ्यात शेवटी मी. नाल्याच्या काठाने वर गेलो. रस्त्याखालची मोरी ओलांडली. पुढे गटार, गटारात गुलाबी धार. धार आमच्या कंपाउंडच्या भिंतीखालून येत होती. गेटमधून आत आलो, तिथे माझी पहिली नोटीस अजून फलकावर होती. धार आमच्या विंगच्या कोपऱ्यातल्या पाईपपाशी संपली. पाईपातून अजून थेंब थेंब पडत होतं. सगळ्यांनी माना वर केल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीच्या ग्रिलवर लाल चादर वाळत होती, आणि ग्रिलच्या मागे माझी बायको उभी होती.

"अहो, झाली का पाहणी?" तिने वरून विचारलं. "साहेबांना घेऊन वर या. पोहे तयार आहेत."

साहेब वर आले. पोहे खाल्ले. मशीन पाहिली, भोक पाहिलं, आणि माझ्याच टेबलाशी बसून माझ्याच पेनाने अर्जाखाली शेरा लिहिला. तो मला अजून पाठ आहे. 'अर्जदार व गैरअर्जदार एकच असल्याने प्रकरण आपसात मिटवावे.'

लाज वाटणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. लोक हसले त्याचं एवढं नाही. खाली उतरलो तेव्हा मावशी गेटपाशी बसली होती. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "भाऊ, तुमी विकास बोलला व्हता." आणि उठून गेली.

दुसऱ्याच दिवशी मी प्लंबरला बोलावलं. बाल्कनीतलं भोक बुजवलं. मशीनचं पाणी बाथरूमच्या गटारात सोडायचं तर नळी बाल्कनीतून हॉलमध्ये, शोकेसच्या खालून, टीव्हीच्या मागून, पॅसेजमधून बाथरूममध्ये न्यावी लागली. बायको म्हणाली, "नाला घरातच आणलात." येणारा प्रत्येक पाहुणा त्या नळीला अडखळायचा, आणि ती नळी का आहे हे सांगताना बायको काहीही गाळायची नाही.

पण एका घराने काय होणार? मी सभा बोलावली. मी उभा राहून सांगितलं की फेसाने आधी कोळंबी मरते, मग चिवणी, मग बगळे जातात, मग जिताडा. पहिल्या मजल्यावरचे एक निवृत्त मास्तर म्हणाले, "साबणाने वस्तू स्वच्छ होते. तळंही स्वच्छच होत असणार." चौथ्या मजल्यावरचे म्हणाले, "रंग तुमचा दिसला. आमचा कुठे दिसला?" चेअरमन म्हणाले की याबाबत योग्य त्या कार्यालयाकडे अर्ज करावा. ठराव एकमताने मंजूर झाला. मी तो लिहून घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा मला अर्ज या गोष्टीचा संताप आला.

त्या आठवड्यात तीनातला एक जिताडा मेला. सकाळी तळ्यावर पांढरं पोट वर करून तरंगत होता. हातभर लांब. माझ्या बायकोने जाऊन पाहिला, मला धीर झाला नाही.

पुढच्या रविवारी मावशी गेटवर आली. टोपली भरलेली. पापलेट, बोंबील, मांदेली. रांग लागली. पहिल्या बाईने पापलेटाला हात लावला तसा मावशीने तिचा हात धरला.

"बाय, तुजे मशीनचा पानी कुठं जातं?"

"बाल्कनीतून."

"मंग मासली नाय. पुढं व्हा."

दुसरीला तोच प्रश्न, तिसरीला तोच. सगळ्या पुढे झाल्या आणि रांग संपली. शेवटी माझी बायको आली. "बाथरूममध्ये," ती ठसक्यात म्हणाली. मावशीने तिला दोन पापलेटं दिली. बायको ती पिशवीत न घालता, हातात शेपटीला धरून, चारही मजल्यांना दिसतील अशी जिना चढून आली. आणि तळताना तिने घराचं दार उघडं ठेवलं. जिन्यात दरवळत असल्याबाबत मी या वेळी नोटीस लावली नाही.

कोकणी माणूस उपाशी राहील, पण रविवारी शेजाऱ्याच्या तव्याचा आवाज ऐकत वरणभात खाणार नाही. दुसरीकडून मासळी आणायचा प्रयत्न काहींनी केला. पण दिवाळ्याला मावशीच्या बहिणी, भावजया, नणंदा बसलेल्या. तिथेही आधी बिल्डिंगचं नाव विचारायचे. दोन रविवार बिल्डिंग तग धरून होती. तिसऱ्या रविवारी सकाळी तोच प्लंबर, ज्याने सगळी भोकं पाडली होती, तो खालपासून वरपर्यंत ती बुजवत निघाला. "साब, बाहर का अंदर कर दिया," तो मला म्हणाला. मास्तरांच्या घराची नळी तर त्यांच्या देवघरावरून गेली. दोन शाकाहारी बिऱ्हाडं उरली. त्यांच्यापुढे मासळीची धमकी चालेना. त्यांच्याकडे मी सहा वेळा गेलो. सातव्या वेळी मला बघूनच त्यांनी प्लंबरला हाक मारली.

मग एक दिवस मी तळ्यावर गेलो तेव्हा नाल्यात दगड दिसत होते. कोरडे. नाला कोरडा आहे म्हणून आनंद झालेला मी पहिलाच सरकारी नोकर असेन.

साखरपुड्याला चार दिवस राहिले होते. मावशी स्वतः दारात आली. टोपली खाली ठेवली आणि आत डोकावून नळी तपासून घेतली.

"दोगांनी यावा. सकालीच यावा," ती म्हणाली. "आनि भाऊ, त्यो गुलाबी शर्ट घालूनशी या."

आम्ही गेलो. अंगणात मांडव, चुलीवर भात, मुलाकडची माणसं यायला अजून तासभर होता. पहाटे जाळं टाकून दोन्ही जिताडे काढले होते. मावशीने मला सगळ्यांच्या देखत हाताला धरून मागच्या खोपटात नेलं. तिथे चुलीवर मोठं पातेलं होतं. तिने पितळेच्या ताटलीत एक तुकडा वाढला, वर लालभडक रस्सा, आणि ताटली माझ्या पुढ्यात ठेवली.

"पयला घास तुमचा," ती म्हणाली. "चाखा न् खरा सांगा. वास येतो का नाय? पावन्यांचे पानान वाढू का नको, ता तुमी सांगाचा."

बायको माझ्याकडे बघत होती. नात दाराशी उभी होती, हिरव्या बांगड्या भरलेली. मी घास घेतला. मासा लोण्यासारखा मऊ होता, मसाला जिभेला चटका देणारा. मला वाटलं, सुटलो. आणि मग, गिळता गिळता, अगदी शेवटी, घशाच्या मागे ते आलं. माझ्या रविवारच्या सकाळचं लिंबू.

थोडंसंच होतं. ज्याने ती पावडर कधी हुंगली नाही त्याला कळलंही नसतं. 'फक्कड झालाय मावशी' एवढं म्हटलं असतं तर तिची रीत टिकली असती, पाहुणे जेवून गेले असते, आणि मीही सुटलो असतो. अर्ज लिहिणाऱ्या माणसाला खोटं काही जड नसतं. पण तिच्या तोंडाकडे बघून मला ते जमेना.

"येतो, मावशी," मी म्हणालो. "साबणाचा वास येतो. नका वाढू." आणि माझे डोळे भरून आले. मसाला तिखट होताच, म्हणून कुणी काही विचारलं नाही.

मावशीने मान हलवली. मग कोपऱ्यातल्या दुसऱ्या पातेल्यावरचं झाकण काढलं. त्यातही जिताडा होता.

"दिवाल्याशी आनलाय. मना म्हाईत हाय वास येतो ता. मी पहाटंच चाखला," ती म्हणाली. "तुमी खरा बोलता का नाय, ता बगाचा व्हता."

पाहुणे आले, जेवले, तृप्त झाले. मुलाच्या आजोबांनी बोटं चाटत विचारलं, "तुमचे तलावातला ना?" पंगतीत वाढपी थांबले. मावशीने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सांगितलं, "नाय. दिवाल्याचा हाय. आमचे तलावातला पुढचे वेलंला." मी खाली पानाकडे बघत राहिलो.

निघताना तिने मला एक स्टीलचा मोठा डबा दिला. आत आमचा जिताडा.

"फेकाचा नाय. तीन वरस वाढवलाय. खावाचा न् डबा परत आनाचा."

आम्ही खाल्ला. दोन दिवस पुरला. माझी बायको, जी माशात चिमूटभर मीठ कमी असलं तरी विक्रेत्यापासून आचाऱ्यापर्यंत सगळ्यांचा उद्धार करते, ती एक अक्षर न बोलता जेवली. मग मी डबा घासायला घेतला. साबणाची वडी हातात घेतली आणि परत ठेवून दिली. खाली जाऊन कुंडीतली माती आणली, तिने घासला आणि गरम पाण्याने तीनदा विसळला.

रविवारी गेटवर मावशीला डबा दिला. तिने झाकण काढून तो नाकाशी नेला. मी अवघडून उभा होतो, कारण माझ्या नाकाला कळत होतं की डबा काही नीट निघालेला नाही.

"माशाचा वास येतो," ती म्हणाली.

"हो मावशी. साबण नाही लावला."

ती पहिल्यांदाच मनापासून हसली. टोपलीखालून एक पाण्याने भरलेली पिशवी काढून तिने माझ्यासमोर धरली. आत बोटभर, चंदेरी पिल्लं वळवळत होती. नातेवाइकांच्या तळ्यातून मागून आणलेली.

"आता सोडाला चाललेय," ती म्हणाली. "तीन वरसांनी परत चाखाला बोलवीन. तवर ती नली हलवाची नाय."

ती नळी अजून आमच्या हॉलमध्ये आहे. तीन वर्षांनी मावशीने बोलावलं तेव्हा मी तोच गुलाबी शर्ट घालून गेलो, पहिला घास घेतला आणि डोळे मिटून लिंबू शोधत बसलो. इतका वेळ शोधलं की मावशी ओरडली, "आता सांगा की हो!" मला काही सापडलं नव्हतं. मी ताटली पुढे केली आणि दुसरा तुकडा मागितला.